सूत्रकृमीने मारलेली अळी सडत का नाही?

उसाची मुळे खाणाऱ्या हुमणी या अळीला मारण्यासाठी शेतात सोडल्या जाणाऱ्या सूत्रकृमींच्या (धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींच्या) आतड्यातील जिवाणूंपासून माणसासाठी प्रतिजैविक मिळू शकते का, आणि मातीत एवढे जिवाणू असताना प्राण्यांच्या पोटात शोध घेण्याचे कारण काय, असे आपण विचारले आहे. मिळू शकते, आणि त्याचे कारण मेलेल्या अळीकडे पाहिले की कळते.

हेटरोरॅब्डायटिस गटातील सूत्रकृमी आपल्या आतड्यात फोटोरॅब्डस हा जिवाणू बाळगतात. अळीच्या शरीरात शिरल्यावर ते हा जिवाणू तिच्या रक्तद्रवात सोडतात आणि अळी साधारण दोन दिवसांत मरते. एरवी मेलेली अळी काळी पडून कुजते. ही मात्र विटकरी रंगाची होते आणि सूत्रकृमींची पुढची पिढी तिच्यावर पोसून बाहेर पडेपर्यंत टिकून राहते. अळीच्या स्वतःच्या आतड्यातील आणि भोवतालच्या मातीतील जिवाणूंनी या अन्नाचा ताबा घेऊ नये, म्हणून फोटोरॅब्डस प्रतिजैविके स्रवतो. त्या प्रतिस्पर्ध्यांत ग्रॅम-ऋण (बाहेरून एक जादा पटल असलेले) जिवाणू असतात, आणि रुग्णालयांत औषधांना दाद न देणारे ई. कोलाय व क्लेब्सिएला हेही त्याच गटातले. शिवाय हे रसायन यजमान सूत्रकृमीला बाधून चालत नाही. मातीत मोकळ्या राहणाऱ्या जिवाणूवर असे बंधन नसते, म्हणूनच मला हा शोध योग्य दिशेचा वाटतो.

बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील किम लुईस यांच्या गटाने 2019 मध्ये फोटोरॅब्डसपासून डॅरोबॅक्टिन हे प्रतिजैविक मिळवल्याचे प्रसिद्ध केले. सात अमिनो आम्लांची ही साखळी दोन जोडकड्यांमुळे ताठ राहते. ग्रॅम-ऋण जिवाणूचे बाह्यपटल बहुतेक औषधांना आत येऊ देत नाही. डॅरोबॅक्टिनला मात्र आत जावेच लागत नाही, कारण पटलात नवी प्रथिने बसवणारे बॅमए हे प्रथिन त्या पटलातच असते आणि डॅरोबॅक्टिन त्यालाच चिकटून पटलाची बांधणी थांबवते. उंदरांमधील संसर्गांवर ते गुणकारी ठरले, आणि आतड्यातील बॅक्टेरॉइडीससारख्या उपकारक जिवाणूंवर त्याचा परिणाम झाला नाही. ही निवडकता मला त्याच्या ताकदीइतकीच मोलाची वाटते.

सूत्रकृमीला सोसले ते माणसालाही सोसेल, असे मात्र गृहीत धरू नये. फोटोरॅब्डस कीटकांसाठी जालीम विषेही बनवतो आणि त्याच्या असिम्बायोटिका या प्रजातीने अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात माणसांना संसर्ग केल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे शेतासाठी आणलेले सूत्रकृमी जखमेवर लावून पाहण्याचा विचार कोणीही करू नये. मूळ जिवाणू तर प्रयोगशाळेतसुद्धा डॅरोबॅक्टिन अत्यल्पच तयार करतो.