माल्टाच्या ग्झिरा युनायटेड क्लबचा इतिहास काय आहे आणि त्यांच्या टीममध्ये नेमकं खेळतं कोण?

तुम्ही विचारलंय की क्रोएशियाच्या हायदुक स्प्लिटसारख्या नावाजलेल्या क्लबला युरोपातल्या स्पर्धेतून बाहेर काढणारा हा ग्झिरा युनायटेड आहे तरी कोण, कधीचा आहे, आणि माल्टाचा क्लब म्हणता तर प्लेअर लिस्टमध्ये ब्राझील आणि आफ्रिकेची एवढी नावं कशी. मी कामानिमित्त माल्टात राहतो, घर ग्झिरातच आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. फुटबॉलचा एक्स्पर्ट वगैरे नाही हां, पण इथं राहून क्लबच्या भानगडीत न पडणं अवघड आहे.

आधी आकार लक्षात घ्या. अख्खा माल्टा देश ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षाही लहान, आणि लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर. त्यातलं ग्झिरा म्हणजे राजधानी व्हॅलेटाच्या समोरच्या किनाऱ्यावरचं जेमतेम एक चौरस किलोमीटरचं गाव, वस्ती दहा हजारांच्या आसपास. गाव म्हणतोय पण शेतं वगैरे डोक्यात आणू नका, सगळ्या इमारती एकमेकींना चिकटलेल्या आहेत आणि एक रस्ता ओलांडला की स्लिमा सुरू होतं, पाटी वाचली नाही तर कळतही नाही. पण फुटबॉलच्या बाबतीत तो रस्ता म्हणजे बॉर्डर, कारण स्लिमा वाँडरर्स हा देशातल्या सगळ्यात जास्त लीग जिंकणाऱ्या क्लबांपैकी एक, आणि ग्झिरानं आजवर लीग एकदाही जिंकलेली नाही. शेजारी श्रीमंत असला की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

फुटबॉल इथं आणलं ब्रिटिश फौजेनं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. बंदरात आरमार, किल्ल्यांत पलटणी, आणि संध्याकाळी सैनिक बॉल खेळणार, ते बघून पोरं शिकली. असोसिएशन १९०० ची, पहिली लीग १९०९-१० ची आणि ती फ्लोरियाना या क्लबनं जिंकली. म्हणून क्लबांची नावं बघा कशी इंग्रजी वळणाची आहेत, वाँडरर्स, स्पार्टन्स, हॉटस्पर्स, युनायटेड. ग्झिरा युनायटेड त्या मानानं धाकटा, १९४७ चा. दुसरं महायुद्ध संपून दोनच वर्षं झाली होती, आणि ग्झिराच्या समोरच्या मॅन्युएल बेटावर तर ब्रिटिश पाणबुड्यांचा तळ होता, त्यामुळे बॉम्ब इथं किती पडले असतील त्याची कल्पना करा. अशा वेळी गावानं क्लब काढला. जर्सीचा रंग मरून, म्हणून लोक त्यांना मरून्स म्हणतात.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. देशाचं मुख्य स्टेडियम कित्येक वर्षं ग्झिरातच होतं. एम्पायर स्टेडियम, १९२२ साली सुरू झालेलं. आणि त्याच्यावर गवत नव्हतं! वाळू आणि खडीचं कडक मैदान, पडलात की गुडघे सोलले. बाहेरून येणाऱ्या मोठ्या टीमा हैराण व्हायच्या. १९६७ मध्ये मँचेस्टर युनायटेड युरोपियन कपसाठी इथं आली, समोर पाओला गावचा हायबर्नियन्स क्लब, ज्याचा कोच हिलरी तालियाफेरो नावाचे एक पाद्री होते, खरोखरचे चर्चमधले पाद्री. ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडनं ४-० मारलं होतं, पण या खडीवर मॅच ०-० सुटली, आणि त्याच सीझनला युनायटेडनं युरोपियन कप जिंकला. १९७१ मध्ये इंग्लंड आलं, जेमतेम १-० जिंकलं, मार्टिन पीटर्सचा गोल. १९७९ ला वेस्ट जर्मनीला पण इथं ०-० वरच समाधान मानावं लागलं. डिसेंबर १९८० मध्ये पोलंडविरुद्ध मात्र पब्लिकनं दगड मारले आणि मॅच अर्धवट सोडावी लागली. पुढं ता'आली इथं नवं नॅशनल स्टेडियम झालं आणि एम्पायर बंद पडलं, ते कित्येक वर्षं तसंच पडून राहिलं, आत झाडंझुडपं माजलेली. म्हणजे ज्या गावात देशाचं मैदान होतं त्याच गावचा क्लब आता सामने खेळायला दुसऱ्या गावी जातो. हे फक्त ग्झिराचं रडगाणं नाही, टॉप डिव्हिजनच्या बहुतेक क्लबांना "होम ग्राउंड" असा प्रकारच नसतो, दोन-चार स्टेडियमं वाटून घेतात, एकाच स्टेडियमवर एकामागून एक दोन मॅचेस लागतात आणि पहिल्या मॅचचं पब्लिक बाहेर पडताना दुसऱ्या मॅचचं आत येत असतं.

मग क्लब असतो कुठं? तर काझिनमध्ये. गावातली क्लबची जागा, खाली बार, भिंतीवर जुन्या टीमांचे फोटो आणि कपाटात करंडक. सकाळी गेलात तर चार म्हातारे काचेच्या ग्लासात दुधाचा चहा घेऊन बसलेले असतात आणि मॅचच्या दिवशी तिथंच चिस्क बिअरचे कॅन. आपल्याकडच्या गणेश मंडळाचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा, बरंचसं कळेल. गावच्या चर्चची जत्रा असते ना, फेस्टा, ग्झिराची माउंट कार्मेलच्या मेरीची, ती जुलैत येते आणि युरोपातल्या पात्रता फेऱ्यासुद्धा जुलैतच येतात, त्यामुळे काही वर्षी असं होतं की फेस्टाची रोषणाई, फटाके, बँड आणि क्लबचे मरून झेंडे सगळं एकदमच गॅलऱ्यांवर. कोण कशाच्या आनंदात ओरडतोय ते कळत नाही.

क्लबचा एकमेव मोठा करंडक म्हणजे १९७२-७३ ची एफए ट्रॉफी, म्हणजे माल्टाची नॉकआउट कप स्पर्धा, फायनलला बिर्किर्कारा क्लबला हरवलं. त्याच्या जोरावर कप विनर्स कपमध्ये, म्हणजे देशोदेशीच्या कप विजेत्यांच्या युरोपियन स्पर्धेत गेले आणि नॉर्वेच्या ब्रानकडून दोन मॅचमध्ये मिळून ९-० खाल्ले. नंतर बरीच वर्षं खालच्या डिव्हिजनात. ती वर्षं मी भरभर सांगतो कारण सांगण्यासारखं फार नाही, वर जा, खाली या, पैसे नाहीत, पुन्हा पोरं गोळा करा. २०१६ ला माल्टाच्या प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे टॉप डिव्हिजनमध्ये परत आले आणि तिथून गाडी सुटली.

२०१८ ला युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या पात्रतेत सर्बियाच्या राडनिचकी निशनं घरी पाठवलं. २०१९ ला समोर हायदुक. माल्टात पहिली मॅच ०-२ हरले, स्प्लिटला हायदुकनं आणखी एक टाकला म्हणजे एकूण ०-३, कोणीही टीव्ही बंद केला असता. तिथून ग्झिरानं तीन मारले, तिसरा हामेद कोने या आयव्हरी कोस्टच्या फॉरवर्डनं इंज्युरी टाइममध्ये, आणि त्या वेळी अवे गोलचा नियम होता, म्हणजे एकूण गोल सारखे झाले तर समोरच्याच्या मैदानावर जास्त गोल मारणारा पुढं, म्हणून ३-३ असूनही ग्झिरा पुढं. हायदुकनं लगेच कोचला नारळ दिला. ग्झिरा पुढच्याच फेरीत लॅटव्हियाच्या व्हेंट्सपिल्सकडून हरले हे कोणी फारसं सांगत नाही. २०२२ ला युरोपा लीगच्या खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये पुन्हा तेच राडनिचकी निश, २-२ आणि ३-३, शेवटी पेनल्टीवर हिशोब चुकता. २०२३ ला तर नॉर्दर्न आयर्लंडच्या ग्लेंटोरनविरुद्ध पेनल्टी शूटआउट १४-१३ पर्यंत गेलं, तेही जिंकले, आणि तिसऱ्या फेरीत चेकियाच्या व्हिक्टोरिया प्लझेनपाशी थांबले. दोन्ही वर्षी तिसरी फेरी, इतक्या लहान क्लबाला हे खूप आहे.

आता परदेशी प्लेअरांचं. कोने आयव्हरी कोस्टचा, बाकी ब्राझील, इटली, बाल्कन देश, आफ्रिका इथून दर उन्हाळ्यात नवीन माणसं येतात, त्यातली अर्धी पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या क्लबात दिसतात. देशात चांगले प्लेअर मोजकेच आणि ते सगळ्यांनाच हवे असतात, मग बाहेरून आणणं स्वस्त पडतं. शिवाय यूएफाच्या, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल संघटनेच्या स्पर्धांच्या पात्रता फेरीत नुसतं खेळलं तरी काही लाख युरो मिळतात, लहान क्लबचं वर्षाचं गणित त्यावर फिरतं, म्हणून लीगमध्ये वरच्या तीन-चारात राहायची सगळी धडपड. माल्टी प्लेअर नसतातच असं नाही, अँड्र्यू कोहेन आणि गोलकीपर जस्टिन हाबर हे देशाकडून खेळलेले दोघंही ग्झिराकडून खेळलेत. आणि खाली नर्सरी असते, क्लबच्या लहान मुलांच्या टीमांना इथं नर्सरीच म्हणतात, तिथं सगळी गावातलीच पोरं. काझिनमधले म्हातारे "आमच्या वेळी अकराच्या अकरा ग्झिराचे होते" म्हणून कुरकुरतात आणि तेच लोक कोनेच्या त्या गोलबद्दल बोलताना उठून उभे राहतात.

माझं मत विचाराल तर ही कुरकुर मला फारशी पटत नाही. आज ग्झिराच्या रस्त्यावर बघा, फिलिपिनो, सर्बियन, कोलंबियन, नेपाळी, आपले केरळी, पंजाबी, गेमिंग कंपन्यांची ऑफिसं, हॉटेलं, डिलिव्हरीच्या स्कूटर. गाव असंच झालंय तर टीम वेगळी कशाला दिसेल? खरा त्रास दुसराच आहे, स्वतःचं मैदान नसल्यामुळे इथं नवीन आलेल्या माणसाला कळतच नाही की आपल्या गावाचा क्लब आहे. मलाही काझिनच्या दारावरचा बोर्ड वाचूनच कळलं.

तुम्ही शेवटी विचारलंय की मॅच बघता येईल का. येईल, सहज. फिक्स्चर बघा, ता'आलीला बस जाते, गर्दीमुळे तिकीट मिळालं नाही असं लीगच्या मॅचला सहसा होत नाही. मरून झेंडे दिसतील त्या बाजूला बसा, आणि स्लिमाविरुद्धची मॅच असेल तर चुकूनही निळा शर्ट घालून जाऊ नका.