नवा सेट टॉप बॉक्स लावल्यावर जुन्या टीव्हीवर माणसं लांबुडकी दिसत होती. केबलवाल्यानं सेटिंग बदललं, तर आता अक्षरं कडेला कापली जातात. टीव्ही बदलावा का?

एवढ्यासाठी टीव्ही बदलू नका. टीव्ही ठणठणीत आहे, बिघडलंय ते बॉक्सचं सेटिंग.

तुमच्या डबा टीव्हीचा पडदा ४:३ आहे, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. हल्लीची बहुतेक चॅनेल १६:९ मध्ये येतात. एवढं रुंद चित्र तुमच्या चौकटीत बसवायचं तर बॉक्सपुढे तीनच वाटा असतात. दोन्ही बाजूंनी दाबायचं, मग माणसं काठीसारखी दिसतात. बाजू छाटायच्या, मग अक्षरं जातात. नाहीतर अख्खं चित्र लहान करून वर-खाली काळे पट्टे सोडायचे. तुमच्याकडे आधी पहिला प्रकार होता, केबलवाल्यानं दुसरा लावून दिला. या छाटणीत चित्राच्या रुंदीचा पाव भाग जातो, डावीकडून साडेबारा टक्के आणि उजवीकडून तेवढाच. त्यात ट्यूबचे टीव्ही कडेचा थोडा भाग मुळातच चौकटीआड ठेवतात.

गावी वडिलांकडे २१ इंची टीव्ही आहे. पावसाळ्यात गेलो तेव्हा बातम्यांच्या पट्टीवर 'सळधार पाऊस' दिसत होतं, 'मु' गायब. कबड्डीत एका संघाचे गुणच दिसायचे नाहीत, ते वडील शेजारच्या मुलाला विचारायचे. टीव्ही म्हातारा झाला असं त्यांनी धरून चाललं होतं. दोन मिनिटांच्या कामासाठी त्यांनी कित्येक महिने असे काढले, याचं मला फार वाईट वाटलं.

तर बॉक्सच्या रिमोटवरून मेनूत जा (टीव्हीच्या रिमोटवरून नाही). सेटिंगमध्ये 'पिक्चर', 'डिस्प्ले' किंवा 'टीव्ही रेशो' असं काहीतरी सापडेल. तिथे टीव्ही ४:३ ठेवा आणि त्यापुढे 'लेटरबॉक्स' (म्हणजे वर सांगितलेली तिसरी वाट, काळ्या पट्ट्यांची) निवडा. 'पॅन अँड स्कॅन', 'सेंटर कट', 'फुल' यातलं काही नको. शेवटी ओके किंवा सेव्ह दाबायला विसरू नका, नाहीतर वीज गेली की काही बॉक्स पुन्हा मूळपदावर येतात.

जमलं की नाही हे डोळ्यांवर सोडू नका, कारण दाबलेल्या चित्राची सवय होते. पडद्यावर घड्याळ, पृथ्वीचा गोल असं काही समोरून दिसलं की सरळ काचेवर पट्टी लावा. दाबलेल्या चित्रात तो गोल १२ सेंटीमीटर रुंद आणि १६ उंच भरेल. लेटरबॉक्स केलं की तोच १२ बाय १२ होतो.

काळे पट्टे हा दोष नाही. पडद्यावरचं चित्र ज्या ५७६ आडव्या ओळींनी बनतं, त्यातल्या ४३२च त्यापायी चित्राला मिळतात, हे खरं. पण शेवटच्या काळातल्या काही ट्यूब टीव्हींच्या मेनूत १६:९ हा पर्याय असतो. तो असेल तर टीव्हीवर तो लावा आणि बॉक्सही १६:९ वर ठेवा. मग सगळ्या ओळी मधल्या पट्ट्यात येतात आणि चित्र चांगलंच रेखीव दिसतं. दूरदर्शनच्या काळातली एखादी ४:३ मालिका लागली आणि चारही बाजूंनी काळी चौकट आली, तर तेवढ्यापुरतं 'सेंटर कट' करा. तिथे छाटले जातात ते फक्त बाजूचे काळे पट्टे.

कुणी मागचं झाकण उघडून 'हाइट' वाढवून देतो म्हणालं तर उघडू देऊ नका. पिक्चर ट्यूबवर वीस हजारांच्या वर व्होल्ट असतात, बंद केल्यावरही तिथे भार शिल्लक राहू शकतो, आणि या कामाला त्याची गरजच नाही.

मेनूत हे पर्याय दिसले नाहीत तर तिथे काय काय लिहिलंय ते इथे टाका, बघून सांगतो.