अमेरिकेतल्या महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलमध्ये पॅट समिट यांनी प्रशिक्षक म्हणून एकूण किती सामने जिंकले? सर्वाधिक विजयांचा विक्रम अजून त्यांच्याच नावावर आहे का?

१०९८ विजय, २०८ पराभव. पण विक्रम आता त्यांचा नाही. डिसेंबर २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या टारा व्हॅनडरव्हिअर यांनी तो मोडला आणि २०२४ मध्ये कनेटिकटचे जिनो ऑरिएमा त्यांच्याही पुढे गेले. समिट यांचे सगळे विजय एकाच संघासोबतचे, टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाचे, १९७४ ते २०१२ या ३८ हंगामांतले. सुरुवात केली तेव्हा वय अवघं २२, पगार महिना २५० डॉलर. खेळाडूंचे गणवेश धुणं आणि सामन्याला जायची व्हॅन चालवणं हेही त्यांच्याच गळ्यात! राष्ट्रीय विजेतेपदं आठ. १९९७-९८ चा संघ तर ३९ पैकी ३९ सामने जिंकला. २०११ मध्ये अल्झायमरचं निदान झालं, तरी त्या आणखी एक हंगाम संघासोबत होत्या.

आकडे टेनेसीच्या अधिकृत नोंदींप्रमाणे आहेत. फक्त विजेतेपदांची तुलना करताना एक ध्यानात घ्या: महिलांची एनसीएए (अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांची संघटना) स्पर्धा सुरूच झाली १९८२ मध्ये, त्यामुळे त्यांचे पहिले सात हंगाम त्या हिशेबात धरताच येत नाहीत.