पायाखाली दोन विटा

अगं,

परवा फोनवर तू म्हणालीस की विशेष शिक्षिकेच्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात रडू आलं, दिव्यांग मुलांसाठी फिरायच्या 4 शाळा, प्रत्येक शाळेत वेगळ्या बाई, आणि एका ठिकाणी तर जागाच नाही म्हणून खिचडीच्या पातेल्यांशेजारी सतरंजी टाकून मुलाला शिकवायला घेतलंस. मी तेव्हा नुसतं हं हं केलं कारण स्वारगेटला बसमध्ये चढत होते आणि दोन्ही हातात पिशव्या. म्हणून आता बसून लिहितेय.

आधी साधं गणित कर. एका शाळेत तू आठवड्यातून एक दिवस, त्यात एका मुलाच्या वाट्याला फार तर पाऊण तास. बाकीचे पाच दिवस ते मूल कुणाकडे असतं? वर्गातल्या बाईंकडे. मग तुझी खरी विद्यार्थिनी त्या बाई, फक्त हे त्यांना कळता कामा नये, बास. आपल्या विशेष शिक्षणाच्या डीएडला पोरांचं सगळं शिकवतात गं, ब्रेल काय, खुणांची भाषा काय, पण स्टाफरूममध्ये कसं शिरायचं ते कुणी शिकवत नाही.

मला हे कळलं ते चांगली फजिती झाल्यावर. दांडेकर पुलाच्या बाजूची एक कॉर्पोरेशनची शाळा, तिसरीतली मुलगी, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नाही. अक्षर असं की ओळ सुरू व्हायची वर आणि संपायची पार खालच्या कोपऱ्यात, वही सारखी सरकायची. सगळे म्हणायचे हातात जोर नाही. मी दोन आठवडे हाताचेच व्यायाम घेत बसले. मग एकदा पेन्सिल पडली म्हणून बाकाखाली वाकले तर दिसलं, पाय लोंबकळतायत. पायाला टेकू नाही म्हणून पडू नये यासाठी ती डाव्या हाताने बाक घट्ट धरून बसायची, मग वही धरणार कोण? मी लगेच हुशारी केली, रद्दीतली जुनी पाठ्यपुस्तकं सुतळीने बांधली आणि गठ्ठा पायाखाली सरकवला. झालं! बाई आल्या, बघितलं, आणि अख्ख्या वर्गासमोर, "पुस्तकाला पाय लावायला शिकवताय होय मुलांना?" मी तिथल्या तिथे गप्प बसायचं तर बसण्याची ठेवण, शरीराचा तोल असं लेक्चर दिलं त्यांना. पुढचे दोन महिने मी गेले की "आज चाचणी आहे, तिला बाहेर घेऊन जा."

चूक माझी होती हे मला घरी आल्यावर आईने सांगितलं, तेही एका वाक्यात. शेवटी शाळेच्या शिपाईमामांनी दोन विटा आणल्या, गोणपाटात गुंडाळून तारेने आवळल्या. पाय टेकले, डावा हात सुटला, तो आपोआप वहीवर आला. मी बाईंकडे जाऊन माफी मागितली आणि विचारलं की पुढच्या आठवड्यात कुठला धडा घेताय, मी त्याचंच सोपं करून आणते. त्यानंतर त्या बाईंनी काय केलं माहितीये? भावाच्या पंक्चरच्या दुकानातून सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणून स्वतः पेन्सिलींवर चढवले, पकड जाड व्हावी म्हणून. मी सांगितलं नव्हतं.

बाई म्हणाल्या "याला काहीच येत नाही" की वाद घालू नकोस, विचार की काय काय करताना बघितलंत. आणि कुठलाही शिक्का मारायच्या आधी डोळे आणि कान तपासून घे, दरवेळी. फळ्यावरचं सोडून शेजाऱ्याच्या वहीतलं बघून लिहिणारा पोरगा निम्म्या वेळा चष्म्याचा निघतो. बांधकामाच्या साइटवरची मुलं असतील तर घरी कुठली भाषा बोलतात ते विचार. घरात कानडी नाहीतर लमाणी, आणि आपण म्हणतो पोराला समजत नाही! लर्निंग डिसॅबिलिटीचं, म्हणजे वाचन-लेखन-गणितातल्या खास अडचणीचं तर तिसरीच्या किंवा 8 वर्षांच्या सुमारास बघायचं असतं, पहिलीतल्या पोराबद्दल कुणी घाई केली तर सरळ नाही म्हण.

कागदांचं थोडक्यात. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले, हे तुला पाठ असेलच. पण मुलाच्या आईला त्याचं काय? तिला दाखल्यासाठी ससून हॉस्पिटलला जायचं म्हणजे चार घरची धुणीभांडी बुडवायची. एका खेपेत काम व्हावं म्हणून काय काय कागद, किती फोटो, हे चिठ्ठीवर लिहून दे, आणि शक्य असेल तर एकदा सोबत जा, तिथली रांग बघितलीस की नंतर "अजून यूडीआयडी काढलं नाही का" असं (यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र) कुणाला विचारायची नाहीस. दाखल्यावर अपंगत्वाचा 40 टक्क्यांचा आकडा आला तर पुढच्या बऱ्याच गोष्टी लागू होतात. दहावीला लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो, पण त्याच्या मागे आठवीपासून लाग.

आई विचारणारच, "बरा होईल ना हो?" गेटवर उभ्याउभ्या उत्तर देऊ नकोस. आत बसव, पाणी दे. हो म्हणू नकोस, नाही पण म्हणू नकोस, या दिवाळीपर्यंत तो काय करायला लागेल ते सांग. दप्तराची चेन स्वतः लावेल, असं. आयईपीत, म्हणजे त्या मुलाच्या स्वतंत्र शिक्षण-आराखड्यात पण तेच लिही, "आकलन वाढवणे" वगैरे लिहून काय होतं? वर्षअखेरीला ते वाढलं का हे तुलाच सांगता येणार नाही.

नोकरीचं तू म्हणालीस ते सगळं खरंय. कंत्राटी, मानधन उशिरा, दर वर्षी नवी ऑर्डर, मी पण एका ठिकाणी तीन महिने बिनपगारी काढलेत. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने विशेष शिक्षकांच्या पदांबद्दल निकाल दिला, 2022 मध्ये केंद्राने प्रमाण ठरवलं, प्राथमिकला अशा 10 मुलांमागे 1 विशेष शिक्षक आणि वरच्या वर्गांना 15 मागे 1. तुझी यादी त्याच्याशी ताडून बघ आणि हस आपली. पण प्रत्येक ऑर्डरची झेरॉक्स फाइलला ठेव, आरसीआयच्या, म्हणजे पुनर्वसन परिषदेच्या नोंदणी नंबरासाठी सीआरईचे, म्हणजे पुढच्या प्रशिक्षणांचे पॉइंट गोळा करत राहा, उद्या पदं निघाली तर कागद तुझ्याकडे हवेत.

त्या पातेल्यांच्या खोलीबद्दल मुख्याध्यापकांशी इतक्यात भांडू नकोस. आठवडाभर तिथल्या मावशींबरोबर चहा घे, शाळेत कुठली खोली कधी रिकामी असते हे त्यांना जितकं माहिती असतं तितकं कुणालाच नसतं.

रविवारी ये घरी. बोहरी आळीतून आणलेल्या वेल्क्रोचा अख्खा रोल पडलाय, मणी आहेत, ट्यूबचे तुकडे आहेत, सगळं घेऊन जा. विटा मात्र तुझ्या शाळेच्या मामांकडेच माग.

तुझी,
ताई