आईची खाट अंगणात

प्रश्न : आई किल्लारीकडची. अमळनेरात इतकी वर्षं काढली, तरी सप्टेंबर संपत आला की खाट अंगणात टाकते. समजावू कशी?

उत्तर : समजावू नका ताई, गोधडी द्या. किल्लारीचा भूकंप झाला तो 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3.56. आदल्याच दिवशी गणपती बोळवलेले, गाव दमून झोपलेलं. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, भार. सगळं अंगावर आलं. जवळजवळ 10 हजार माणसं गेली.

मी धुळ्याहून मदतीच्या ट्रकसोबत गेलो होतो. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी. एका आजीने अर्धी खाल्ली, अर्धी पदरात बांधली. नातवासाठी, म्हणाली. नातू कुठाय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. (अजूनही कळण्याची भाकरी मोडताना हात थबकतो.)

एक रात्र आईशेजारी तुम्हीही पडा. बोलली तर ऐका. आणि मच्छरदाणी लावा, त्या दिवसांत डास फार.