कार्लोस बूझरने 2004 मध्ये क्लीव्हलँडला फसवलं होतं का? आणि त्याने शब्द दिला होता तर टीमने केस का नाही केली?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते कळलं की पहिलं बरंच सोपं होतं.

आधी काय झालं ते थोडक्यात. बूझर म्हणजे एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या 2002 च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडतात तिथे) दुसऱ्या राउंडला, 35 व्या नंबरवर उचललेला पोरगा, आणि दुसऱ्याच सीझनला मॅचमागे 15.5 पॉइंट्स आणि 11.4 रिबाउंड्स काढायला लागला. टीममधल्या लेब्रॉन जेम्सचं पहिलं वर्ष नुकतंच संपलेलं, क्लीव्हलँडमध्ये सगळ्यांना वाटत होतं की आता या दोघांवर टीम उभी राहणार. बूझरच्या तिसऱ्या वर्षाचा ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या पगारात ठेवून घ्यायचा हक्क, टीमच्या हातात होता, पगार 7 लाख डॉलरच्याही आत, म्हणजे नुसतं हो म्हटलं असतं तरी हा माणूस अजून एक वर्ष जवळपास फुकटात खेळला असता. पण मग 2005 ला तो पूर्ण मोकळा झाला असता. म्हणून मालक गॉर्डन गंड आणि टीमचा कारभार बघणारे जीएम जिम पॅक्सन यांनी ऑप्शन सोडून दिला, हिशेब असा की तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होईल (म्हणजे बाहेरची ऑफर आली तर जुनी टीम तेवढेच पैसे देऊन, म्हणजे मॅच करून, त्याला ठेवू शकते), आपण 6 वर्षांचे साधारण 4 कोटी डॉलर देऊ आणि तो सही करेल. तेवढ्यात यूटा जॅझ या दुसऱ्या टीमने 6 वर्षांचे जवळपास 7 कोटी डॉलर पुढे केले. कॅव्हज, म्हणजे क्लीव्हलँडची टीम, सॅलरी कॅपच्या (टीमच्या एकूण पगाराच्या मर्यादेच्या) वर होते आणि बूझरची लीगमध्ये दोनच वर्षं झालेली, त्यामुळे ती ऑफर मॅच करायला त्यांच्याकडे जागाच नव्हती. गेला तो.

गंड यांनी फॅन्सना जाहीर पत्र लिहिलं की त्याने आम्हाला सही करतो म्हणून सांगितलं होतं, बूझर म्हणाला मी असा कुठलाही शब्द दिला नाही. एजंट रॉब पेलिंका (हो, तेच, जे आता लेकर्स टीमचा कारभार बघतात) यांनी त्याचं काम सोडलं. गंड यांना दिसत नाही, त्यामुळे आंधळ्या माणसाला गंडवलं असा शिक्का बूझरवर बसला आणि नंतर क्लीव्हलँडला खेळायला आला की लोक त्याची हुर्यो उडवायचे.

आता केसचं. कॅव्हज कोर्टात किंवा लीगकडे जाऊन काय सांगणार होते? की ऑप्शन सोडायच्या आधीच आमचं पुढच्या काँट्रॅक्टचं ठरलं होतं? अहो, असं आधीच ठरवून ठेवणं हाच एनबीएमध्ये गुन्हा आहे! आणि तो किती महागात पडतो ते मिनेसोटाच्या टीमने चारच वर्षांपूर्वी दाखवलं होतं. त्यांनी जो स्मिथ नावाच्या खेळाडूशी गुपचूप करार केला की आता कमी पैशात खेळ, नंतर मोठं काँट्रॅक्ट देतो, आणि ते कागदावरही आणलं. 2000 साली उघडकीस आलं तेव्हा कमिशनर डेव्हिड स्टर्न यांनी 35 लाख डॉलर दंड ठोकला, स्मिथचं काँट्रॅक्ट रद्द केलं आणि ड्राफ्टमधले पहिल्या राउंडचे पाच पिक्स (खेळाडू निवडायचे हक्क) काढून घेतले (त्यातले काही पुढे परत दिले, पण टीमची वाट लागली ती लागलीच). म्हणजे कॅव्हजनी बूझरने शब्द दिला हे सिद्ध केलं असतं तर फास त्यांच्याच गळ्यात पडला असता.

म्हणूनच मी फसवलं म्हणणार नाही. जो शब्द कागदावर आणता येत नाही त्याच्या भरवशावर टीमने हातातला कागद फाडला, आणि कोणासाठी, तर जो पोरगा तोवर लीगच्या मानाने किरकोळ पैशात खेळत होता आणि ज्याला कोणी जवळपास 3 कोटी डॉलर जास्त देत होतं. दुखापत झाली असती तर कुठली टीम म्हणाली असती की आम्ही तोंडी बोललो होतो, घे 4 कोटी? मला मनापासून राग येतो जेव्हा निष्ठेचा हिशेब फक्त खेळाडूकडे मागतात. शिवाय वर्षभरापूर्वी गिल्बर्ट अरेनास अगदी याच फटीतून गोल्डन स्टेट सोडून वॉशिंग्टनला गेला होता, तोही दुसऱ्या राउंडचा, दोन वर्षं झालेला. कॅव्हजच्या ऑफिसात हे कोणाला आठवू नये?

तोंडी शब्द मोडणं काय असतं ते बघायचं तर 2015 चा डीअँड्रे जॉर्डन बघा. डॅलसला 4 वर्षांचे 8 कोटी डॉलर मान्य केले, पण सह्या 9 जुलैच्या आधी करता येत नव्हत्या, आणि त्या मधल्या दिवसांत मन बदललं. त्याच्या जुन्या टीमची, क्लिपर्सची, माणसं त्याच्या ह्यूस्टनच्या घरी जाऊन बसली, त्यातल्या ब्लेक ग्रिफिनने दाराला फर्निचर लावल्याचा फोटो टाकला, डॅलसचे मालक मार्क क्यूबन त्याच शहरात त्याच्या भेटीची वाट बघत राहिले, आणि मध्यरात्र उलटताच सही क्लिपर्सकडे. इथे मी डॅलसच्या बाजूने आहे, कारण हा होकार सगळ्या जगाला कळला होता आणि त्यावर विसंबून त्यांनी आपला अख्खा उन्हाळा आखला होता. बूझरच्या बाबतीत एकच टोचतं, की सही करण्याआधी त्याने स्वतः गंड यांना फोन करून सांगितलं असतं की सर, मला एवढे मिळतायत, तर एवढी कटुता आली नसती असं मला वाटतं.

बाकी ती फट लीग आणि खेळाडूंच्या 2005 च्या नव्या करारात बुजवली, अशा एक-दोन वर्षं झालेल्या खेळाडूला बाहेरची टीम पहिल्या वर्षी ठरावीक रकमेच्या वर देऊ शकत नाही, म्हणजे जुन्या टीमला मॅच करता येतं. नियमाला नाव पडलं अरेनासचं. क्लीव्हलँडला तो एक उन्हाळा आधी हवा होता.