कागदावरची महिला संचालक

प्रश्न : दिरांच्या कापड कंपनीत (पब्लिक लिमिटेड, शेअर बाजारात नोंद नाही, उलाढाल ३४० कोटी) ‘एक बाई लागते’ म्हणून पाच वर्षांपूर्वी मला संचालक केलं. मीटिंगला कधी बोलावलं नाही. आता कळलं की पगारातून कापलेला कामगारांचा पीएफ सहा महिने भरलेला नाही आणि ४० जणांना कमी करण्याच्या ठरावाला मला हजर दाखवलंय. २२ दिवसांपूर्वी ईमेलने राजीनामा दिला. कंपनी म्हणते, दुसरी महिला मिळेपर्यंत मंजूर होणार नाही. मी अडकेन का?

उत्तर : मंजुरीचा प्रश्नच नाही. कंपनी कायदा २०१३, कलम १६८ प्रमाणे राजीनामा कंपनीला मिळाला त्या दिवशी, किंवा तुम्ही पुढची तारीख लिहिली असेल तर त्या तारखेला लागू होतो. ३०० कोटींची उलाढाल किंवा १०० कोटींचं भरणा झालेलं भांडवल असलेल्या पब्लिक कंपनीला महिला संचालक लागते हे खरं. पण रिकामी जागा पुढच्या बोर्ड मीटिंगपर्यंत किंवा तीन महिन्यांत, यांपैकी जे नंतर येईल तोवर भरायची असते. ती त्यांची डोकेदुखी.

कंपनीने डीआयआर-१२ (संचालक बदलल्याचं सरकारला कळवणारा कंपनीचा फॉर्म) भरला नाही तर सरकारी नोंदीत तुमचं नाव तसंच राहतं आणि नोटिसा तुम्हालाच येत राहतात. म्हणून डीआयआर-११ (राजीनामा संचालकाने स्वतः कळवायचा फॉर्म) स्वतः भरा. मुदत ३० दिवसांची, म्हणजे हातात आठ दिवस. सोबत राजीनामा आणि तो पाठवल्याचा पुरावा जोडा. कारणं सविस्तर लिहा, ‘वैयक्तिक कारणास्तव’ नको. घोडं बहुधा अडतं ते डिजिटल सहीवर. ती सही ज्यात असते ते यूएसबी टोकन कंपनीच्या सीएच्या ड्रॉवरमध्ये असतं. मागत बसू नका. नवी सही काढा, जुनी रद्द करा. नाहीतर तुमच्या नावाने आणखी कागद सह्या होऊन निघतील. डिनची (संचालक म्हणून मिळालेल्या ओळख क्रमांकाची) केवायसी राहिली असेल तर ती आधी.

राजीनाम्याने मागचं पुसलं जात नाही. पगारातून कापून न भरलेला पीएफ म्हणजे भारतीय न्याय संहिता, कलम ३१६ खाली फौजदारी विश्वासघात. तुमची ढाल कंपनी कायद्याचं कलम १४९(१२) : प्रवर्तक (कंपनी उभी करणारा, प्रमोटर) नसलेला, कारभार न पाहणारा संचालक बोर्डाच्या कामकाजातून समजलेल्या आणि संमतीने झालेल्या, किंवा त्याच्या हलगर्जीपणामुळे घडलेल्या गोष्टींपुरताच जबाबदार. ‘मला काही माहीतच नव्हतं’ एवढ्यावर विसंबू नका. पाच वर्षं काही विचारलंच नाही, हाच हलगर्जीपणा ठरवता येतो. शिवाय वार्षिक विवरणात तुमचं नाव प्रवर्तकांत घातलं असेल तर ही ढाल गेलीच. ते आधी तपासा.

म्हणून आजच अध्यक्ष आणि कंपनी सेक्रेटरींना ईमेल व स्पीड पोस्टने लिहा : त्या मीटिंगची नोटीस मला मिळाली नाही, मी हजर नव्हते, ठरावाला माझी संमती नाही, हजेरीपत्रकावरची सही दाखवा, माझ्या कार्यकाळातल्या इतिवृत्तांच्या प्रती द्या. राजीनाम्यानंतरही त्या मागता येतात. सलग १२ महिने एकाही मीटिंगला न गेलेल्या संचालकाचं पद कलम १६७ प्रमाणे आपोआप जातं. तुमची हजेरी लावत राहण्यामागे हेच कारण असावं, असा माझा अंदाज.

पीएफ कुठल्या महिन्यापर्यंत भरला ते ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापनेच्या नावाने दिसतं. त्या पानाची प्रत तारखेसह ठेवा.

बँकेच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली असेल तर मात्र राजीनाम्याने ती जबाबदारी सुटत नाही. हमीपत्राची प्रत बँकेतून घेऊन मला दाखवा.